रिसॉर्टमधली टिप खोली साफ करणाऱ्यापर्यंत पोहोचते का? पाच मार्गांचं परीक्षण

लोणावळा, महाबळेश्वर, अलिबाग आणि गोव्याची किनारपट्टी. रात्रीचं भाडं सहा-सात हजारांच्या पुढे असलेल्या इथल्या रिसॉर्टमध्ये टिप देण्याचे साधारण पाच मार्ग दिसतात: बिलात लावलेला सर्व्हिस चार्ज, रिसेप्शनवरची पेटी, क्यूआर कोड, खोलीत ठेवलेली रोकड आणि थेट हातात दिलेले पैसे. परीक्षण या पाच मार्गांचं आहे, कुठल्या एका रिसॉर्टचं नाही. कसोटी एकच लावली आहे: चादरी बदलणाऱ्या आणि कमोड घासणाऱ्या माणसाच्या हातात यातलं किती पडतं? वेटर आणि बेलबॉय आपल्या समोर असतात, त्यामुळे त्यांची टिप सहसा चुकत नाही. हाउसकीपिंगची ताई किंवा दादा मात्र आपण नाश्त्याला गेलो की येतात आणि आपण परतायच्या आत पुढच्या खोलीत गेलेले असतात.

आधी पगाराचं गणित मांडू, म्हणजे टिपेचं वजन कळेल. उदाहरणासाठी महिना 13,000 रुपये पगार धरा. त्यातून भविष्य निर्वाह निधीचे 12 टक्के म्हणजे 1,560 आणि ईएसआयचे (कर्मचारी राज्य विम्याचे) 0.75 टक्के म्हणजे 98 रुपये गेले. हातात आले 11,342. महिन्याचे 26 दिवस भरले तर दिवसाला 436 रुपये, आणि दिवसाला 14 खोल्यांचं काम दिलेलं असेल तर एका खोलीमागे 31 रुपये. त्याच खोलीचं भाडं 8,000 असेल तर 18 टक्क्यांनी नुसता जीएसटीच 1,440 रुपये होतो. गणवेशाची किंवा खानावळीची कपात यात धरलेलीच नाही.

आता त्या 31 रुपयांत काय काय करायचं असतं ते पाहा. चेकआउट झालेली खोली उघडली की आधी पडदे आणि खिडकी उघडायची. कचरा आणि उष्टी भांडी बाहेर काढायची. चादरी, अभ्रे, टॉवेल मोजून गोळा करायचे. कमोडमध्ये केमिकल ओतून ते मुरेपर्यंत पलंगाकडे वळायचं: नवी चादर अंथरून चारही कोपरे घडी मारून गादीखाली खोचायचे, ड्युवेला (जाड पांघरुणाला) कव्हर चढवायचं, उशा बदलायच्या. मग बाथरूम, म्हणजे बेसिन, नळ, आरसा, शॉवरची काच, कमोड, फरशी. त्यानंतर धूळ पुसायची, किटली आणि कप धुवायचे, चहाची पाकिटं, साबण, पाण्याच्या बाटल्या भरायच्या आणि शेवटी आतून दाराकडे लादी पुसत बाहेर पडायचं. नीट करायचं तर याला 40 मिनिटं लागतात. पाहुणा राहतोय ती खोली 20 ते 25 मिनिटांत होते. किंग साइजच्या गादीचा कोपरा एका हाताने उचलून दुसऱ्या हाताने चादर खोचताना सगळा भार कंबरेवर येतो, आणि हे एका पाळीत पन्नासच्या वर वेळा होतं. कमोडचं केमिकल आम्लयुक्त असतं. त्यात ब्लीच मिसळलं की क्लोरीन वायू सुटतो. काही लहान ठिकाणी ही दोन्ही द्रव्यं लेबल नसलेल्या, एकसारख्या दिसणाऱ्या पाण्याच्या बाटल्यांत भरून ट्रॉलीवर ठेवलेली असतात, त्यामुळे तिथे हा धोका रोजचाच.

14 खोल्यांपैकी 7 चेकआउटच्या आणि 7 राहत्या धरल्या तर नुसत्या सफाईला सव्वासात तास लागतात. सकाळची ब्रीफिंग, जेवण, ट्रॉली भरणं-रिकामी करणं धरून साडेआठ तास. शहरातल्या हॉटेलात, लिफ्ट आणि सपाट कॉरिडॉर असताना, हे कसंबसं जमतं. रिसॉर्टमध्ये व्हिला डोंगरउतारावर किंवा माडांच्या बागेत विखुरलेल्या असतात. चिऱ्याच्या पायऱ्यांवर ट्रॉली चढत नाही, त्यामुळे लिननचं गाठोडं आणि केमिकलची टोपली हातात घेऊनच चालावं लागतं. दोन व्हिलांमधलं अंतर पाच मिनिटांचं धरलं तरी तासाभराहून जास्त वेळ चालण्यात जातो, पावसाळ्यात त्याहून अधिक. म्हणून व्हिला असलेल्या ठिकाणी 14 खोल्यांचं उद्दिष्ट मुळातच चुकीचं आहे, 8 ते 10 पुरे. जिथे ते 14 ठेवलं जातं तिथे फुकटचा ओव्हरटाइम होतो किंवा काम अर्धवट राहतं, बहुधा दोन्ही.

काम अर्धवट कुठे राहतं? लोणावळ्याच्या रविवारी ते सगळ्यात स्पष्ट दिसतं. चेकआउट 11 ला, पुढच्या पाहुण्यांचं चेकइन 2 ला. एका व्यक्तीकडे आठ चेकआउट खोल्या आल्या तर 320 मिनिटांचं काम, हातात 180 मिनिटं. मग पाण्याचे ग्लास धुण्याऐवजी वापरलेल्या टॉवेलनेच पुसले जातात. पलंगावरची शोभेची पट्टी तशीच राहते, किटली आतून कोणी पाहत नाही, रिमोट पुसला जात नाही. अलिबाग आणि गोव्यात नहाणीची जाळी उचलून वाळू काढायचं राहून जातं आणि नव्या पाहुण्याच्या पहिल्याच अंघोळीला पाणी तुंबतं. तो पाहुणा एक स्टार देऊन ‘स्टाफ निष्काळजी’ असं लिहितो, आणि मेमो मिळतो तो खोली साफ करणाऱ्यालाच. उद्दिष्ट ठरवणाऱ्याला कोणी विचारत नाही.

यातले बरेच कामगार रिसॉर्टच्या पगारपत्रकावर नसून ठेकेदाराकडे असतात. गोव्यात झारखंड, ओडिशा, पश्चिम बंगाल, आसाम, कर्नाटकातून आलेली मुलं-मुली हंगामापुरती, ऑक्टोबर ते मार्च, घेतली जातात. ठेकेदाराने पगार थकवला तर तो देण्याची जबाबदारी मूळ आस्थापनेवर, म्हणजे रिसॉर्टवर, येते. 1970 च्या कंत्राटी कामगार कायद्यात हे होतं, आणि 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या कामगार संहितांतही आहे. महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या 7 तारखेच्या आत व्हायला हवा, जादा तासांना दुप्पट दर हवा. नोकरीवर घेताना ‘टिप धरून पंधरा सुटतील’ असं सांगितलं जातं, तेही चूक. टिप हा मालकाने दिलेला पगार नव्हे, असं सर्वोच्च न्यायालयाने 2016 मध्ये हॉटेलच्या टिपेवरच्या प्राप्तिकर प्रकरणात म्हटलं आहे. जो पैसा पाहुण्याने दिला, तो किमान वेतनाच्या हिशेबात मालकाला धरता येत नाही.

आता मार्गांकडे. सर्व्हिस चार्जला पाचपैकी एक गुण. तो बहुतेक वेळा खाण्याच्या बिलावर लागतो आणि त्याची वाटणी झालीच तर कायम कर्मचाऱ्यांत, हुद्द्याप्रमाणे ठरलेल्या पॉइंटवर होते. ठेकेदाराचे कामगार त्या यादीत सहसा नसतात. हा चार्ज बिलात आपोआप लावता येत नाही, असं केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 4 जुलै 2022 च्या मार्गदर्शक सूचनांत सांगितलं आणि 28 मार्च 2025 ला दिल्ली उच्च न्यायालयाने ते उचलून धरलं. काढायला सांगितलं तर काढावा लागतो, न काढल्यास 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते. पण काढण्याआधी एक विचारा: यात हाउसकीपिंगचा वाटा आहे का, आणि कंत्राटी लोकांचा? उत्तर ठाम ‘हो’ आलं आणि वाटणी दाखवता आली तर राहू द्या. गोलमोल उत्तर आलं तर बिलातून काढा आणि तेवढेच पैसे खोली साफ करणाऱ्याला द्या.

रिसेप्शनवरच्या पेटीला दोन. ती कोण उघडतं, आठवड्याने की महिन्याने, कोणाकोणात वाटतात, यावर सगळं अवलंबून. नीट चालवणाऱ्या ठिकाणी स्टाफच्या कॅन्टीनमध्ये कागद लावलेला असतो: तारीख, जमा रक्कम, प्रत्येकाचा वाटा, सह्या. असा कागद असेल तर हीच पेटी चारला जाते, कारण मग लॉन्ड्रीत चादरी धुणारा आणि रात्री लॉबी पुसणारा, ज्यांना पाहुणा कधीच दिसत नाही, त्यांनाही काही मिळतं.

क्यूआर कोडलाही दोनच. सोय पाहुण्याची आहे, कामगाराची नाही. स्कॅन केल्यावर नाव वाचा. कंपनीचं नाव आलं तर पैसे कंपनीच्या खात्यात गेले, पुढचं तिच्या मर्जीवर. सुपरवायझरचं नाव आलं तर त्याच्या खिशात. सफाई करणाऱ्याला ‘तुमचा क्यूआर दाखवा’ असा आग्रह तर करूच नका. ड्युटीवर फोन लॉकरमध्ये ठेवण्याचा नियम बऱ्याच ठिकाणी असतो, आणि पाहुण्याकडे टिप मागितल्याचा आरोप आला तर नोकरी जाऊ शकते. सुट्टे नसतात ही अडचण खरी आहे. त्यावर उपाय म्हणजे निघण्यापूर्वी शंभराच्या आठ-दहा नोटा काढून ठेवणं.

थेट हातात देणं उत्तम, पाचपैकी साडेचार, पण गाठ पडली तर. सकाळी 10 ते 12 मध्ये तुमच्या मजल्यावर किंवा व्हिलांच्या रांगेत ट्रॉली किंवा टोपली दिसते, तीच वेळ. देताना ‘हे तुम्हाला ठेवता येतं ना?’ असं विचारा. टिप जमा करायचा नियम असेल तर तेव्हाच कळतं.

राहिली खोलीतली रोकड. बहुतेकांना हाच मार्ग जमण्यासारखा आहे, आणि चुका होतात त्याही इथेच. नुसती नोट ठेवली तर ती पाहुण्याची विसरलेली वस्तू ठरते. नियमाप्रमाणे तिची नोंद करून ती सुपरवायझरकडे जमा करावी लागते. न करता खिशात टाकली आणि घरी जाताना स्टाफ गेटवरच्या झडतीत सापडली, तर चोरीचा संशय. म्हणून चिठ्ठी हवीच: ‘खोली 112, 14 तारीख, हाउसकीपिंगसाठी, आमच्याकडून’ आणि खाली सही. हिंदीत लिहा, म्हणजे साफ करणाऱ्याला, सुपरवायझरला आणि गेटवरच्या गार्डला, तिघांनाही वाचता येईल. नोट पलंगावर किंवा उशीखाली ठेवू नका. चादरी एका झटक्यात ओढून गाठोड्यात जातात, नोट लॉन्ड्रीत पोहोचते. टेबलावर, पाण्याच्या ग्लासखाली, चिठ्ठीसकट ठेवा.

दुसरी चूक म्हणजे सगळी टिप शेवटच्या दिवशी ठेवणं. साप्ताहिक सुट्ट्या आणि पाळ्या फिरत असतात. तीन रात्रींत दोन वेगळ्या माणसांनी तुमची खोली साफ केलेली असू शकते. शिवाय चेकआउटनंतर खोलीत आधी मिनीबार तपासणारा येतो, मग उष्टी भांडी उचलणारा, आणि सफाईवाला त्यानंतर. तोवर टेबलावर नोट राहीलच असं नाही. म्हणून रोज ठेवा, सकाळी बाहेर पडताना. दोघांच्या खोलीला रात्रीचे 100 रुपये ही आमच्या मते किमान रक्कम. व्हिला, लहान मुलं, पायांनी आलेली वाळू किंवा रात्रीची पार्टी असेल तर 200. ‘डू नॉट डिस्टर्ब’ दोन दिवस लावून तिसऱ्या दिवशी खोली उघडली तर तीन दिवसांचं काम राहत्या खोलीच्या वीस मिनिटांत करावं लागतं, त्या दिवशीही 200 द्या. या पद्धतीने ठेवलेल्या रोकडीला पाचपैकी चार. चिठ्ठीशिवाय एकच.

टिपेइतकीच महत्त्वाची गोष्ट म्हणजे कपात. टॉवेल कमी पडला, चादरीवर मेंदी, हेअर डाय किंवा फाउंडेशनचा डाग निघाला, तर काही ठिकाणी पैसे कामगाराच्या पगारातून कापले जातात. वर सांगितलेल्या कामगार संहितांपैकी वेतन संहितेत दंडाची मर्यादा त्या महिन्याच्या वेतनाच्या 3 टक्के आहे आणि आधी त्याचं म्हणणं ऐकून घ्यावं लागतं. नुकसानभरपाई कापायची तर त्याचा हलगर्जीपणा दाखवावा लागतो, पाहुण्याने पाडलेला डाग त्यात येत नाही. पण स्टाफ क्वार्टरमध्ये राहणारा हंगामी मुलगा हे मांडायला कुठे जाणार? म्हणून डाग पडला तर तुम्हीच रिसेप्शनला सांगा, बिलात लावायला सांगा आणि पावती घ्या. पांढऱ्या टॉवेलने बूट किंवा मेकअप पुसू नका, जुना टॉवेल मागितला तर मिळतो. ब्लेड कागदात गुंडाळून टाका, पिशवी उचलताना हात कापतो.

बुकिंगच्या साइटवर लिहाल तेव्हा ‘रूम घाण’ एवढ्यावर थांबू नका. खोली किती वाजता मिळाली आणि नेमकं काय राहिलं होतं ते लिहा. दोनला मिळायची खोली चारला मिळाली आणि नहाणी तुंबलेली होती, एवढं वाचून मॅनेजरला माणसं कमी पडली हे कळतं. काम चांगलं असेल तर नेमप्लेटवरचं पहिलं नाव लिहा. त्याचा उपयोग बढतीत आणि पुढच्या हंगामाच्या बोलावण्यात होतो.

लग्न किंवा कंपनीच्या सहलीसाठी रिसॉर्ट घेणाऱ्यांनी टिप करारातच धरावी. 40 खोल्या, दोन रात्री, 100 रुपयांनी 8,000 होतात. ‘नंतर बघू’ म्हटलं की निरोपाच्या गडबडीत ती राहून जाते. बोलणी पक्की करताना हाउसकीपिंगच्या प्रमुखाकडून त्या दोन दिवसांचा ड्युटी चार्ट मागा, कंत्राटी आणि लॉन्ड्रीतल्या लोकांसकट. तेवढी पाकिटं करा, नावं घाला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या ब्रीफिंगला, सगळे एकत्र असताना, सही घेऊन वाटा. त्या दिवशी ज्यांची सुट्टी असेल त्यांची पाकिटं सहीच्या कागदासोबत प्रमुखाकडे ठेवा आणि त्या कागदाचा फोटो काढून घ्या.