बोटाचा ऑक्सिमीटर: गावाकडच्या घरासाठी घेण्यासारखा आहे का?

2020 च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात, कोरोनाच्या साथीत, विदर्भाच्या खेड्यांत ‘ऑक्सिजन लेव्हल’ हा शब्द दवाखान्यातून उठून पानठेल्यावर आला. 15 सप्टेंबरला ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहीम सुरू झाली आणि आशाताईंची पथकं थर्मल गन अन् ऑक्सिमीटर, म्हणजे रक्तातल्या ऑक्सिजनची टक्केवारी मोजणारं यंत्र, घेऊन घरोघरी फिरू लागली. 2 ऑक्टोबरला अमेरिकेचे अध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प वॉल्टर रीड रुग्णालयात भरती झाले. त्यांचा ऑक्सिजन दोनदा उतरला होता, एकदा 94 च्या खाली आणि एकदा 93 पर्यंत, हे त्यांच्या डॉक्टरांनी 4 तारखेला सांगितलं. 24 ऑक्टोबरला देवेंद्र फडणवीस पॉझिटिव्ह आले आणि मुंबईच्या सेंट जॉर्जेस या सरकारी रुग्णालयात दाखल झाले. ते नागपूरचे, त्यामुळे आपल्याकडे ही बातमी घरच्या माणसासारखी ऐकली गेली. कोणी म्हणे, एवढा मोठा माणूस सरकारीत गेला म्हणजे सरकारी दवाखान्याला भ्यायचं कारण नाही. कोणी म्हणे, मुंबईचं सरकारी वेगळं, आपल्या तालुक्याचं वेगळं. दोन्ही म्हणण्यांत तथ्य होतं. पण बातमी कोणत्याही नेत्याची असो, एक प्रश्न ठरलेला: “साहेबाची लेव्हल किती हाय? आपलीबी मोजून पाहा लागते.”

या प्रश्नातूनच मेडिकलच्या काउंटरवर गर्दी झाली. महामारीआधी हजाराच्या आत मिळणारं यंत्र एप्रिल-मे 2021 मध्ये दोन-तीन हजारांना विकलं गेलं. 20 जुलै 2021 पासून केंद्र सरकारने ऑक्सिमीटरसह पाच उपकरणांच्या नफ्यावर 70 टक्क्यांची मर्यादा घातली, तेव्हा किमती खाली आल्या. त्या घाईत घेतलेली यंत्रं आज घरोघरी कपाटात पडून आहेत आणि नवी अजूनही विकली जातात. म्हणून हे परीक्षण कोण्या एका कंपनीचं नाही, तर या साध्या, बोटाला लावायच्या प्रकाराचं आहे.

आधी निकाल सांगतो. घ्या. ज्या घरापासून ग्रामीण रुग्णालय वीस-तीस किलोमीटर लांब आहे, त्या घराने तर नक्की घ्या. मात्र ते वाचता येणारा एक माणूस घरात तयार करा. त्याच्याशिवाय यंत्राचा उपयोग नाही, उलट धोका आहे.

नेत्यांच्या बातम्यांतून लोकांनी चुकीची गोष्ट उचलली, याचं मनापासून वाईट वाटतं. ट्रम्प 5 ऑक्टोबरला रुग्णालयातून बाहेर आले, तेव्हा “तीन रात्रींत बरा झाला, म्हणजे सर्दीच आहे” असा अर्थ निघाला. त्यांना अँटिबॉडीचं औषध, रेमडेसिव्हिर आणि डेक्सामेथासोन हे तिन्ही मिळालं होतं आणि घरी, म्हणजे व्हाइट हाउसमध्येही, डॉक्टरांचं पथक चोवीस तास होतं, हे कोणी लक्षात घेतलं नाही. पुढे एप्रिल 2021 मध्ये लोक चिठ्ठी नसताना रेमडेसिव्हिरचं नाव घेऊन जिल्हाभर भटकले. मोठ्या माणसाच्या उपचारातली एकच गोष्ट खेड्यातल्या घराला जशीच्या तशी करता येते: तोच आकडा दिवसातून पुन्हा पुन्हा बघणं आणि लिहून ठेवणं.

दुसरी उपयोगाची गोष्ट ब्रिटनचे तेव्हाचे पंतप्रधान बोरिस जॉन्सन यांच्या तारखांत आहे. त्यांनी 27 मार्च 2020 ला बाधित असल्याचं जाहीर केलं, 5 एप्रिलला ते लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात भरती झाले आणि 6 एप्रिलला आयसीयूत गेले. म्हणजे घसरण नवव्या-दहाव्या दिवशी. आपल्याकडे ताप तिसऱ्या-चौथ्या दिवशी उतरला की मोजणं थांबायचं आणि माणूस वावरात जायचा. ऑक्सिमीटरची खरी गरज तिथून पुढे सुरू होते. लक्षणं दिसल्यापासून किमान दहा दिवस मोजायचं, पाचव्या ते दहाव्या दिवसांत तर दिवसातून चारदा.

आता यंत्राकडे वळू. चिमट्याच्या एका बाजूला दोन दिवे असतात, एक लाल आणि एक डोळ्यांना न दिसणारा अवरक्त. दुसऱ्या बाजूला प्रकाश टिपणारा सेन्सर. ऑक्सिजन भरलेलं रक्त आणि रिकामं रक्त हे दोन प्रकाश वेगवेगळ्या प्रमाणात शोषतात, त्या फरकावरून टक्केवारी काढली जाते. नाडीच्या ठोक्याबरोबर बदलणारा प्रकाशच हिशोबात धरला जातो, म्हणून बोटात रक्त नीट खेळत नसेल तर आकडा भरवशाचा नाही. चांगल्या यंत्राच्या कागदावरही दोन टक्के इकडे-तिकडे असं लिहिलेलं असतं. म्हणजे 94 आणि 95 यांवरून घरात भांडायचं कारण नाही. सकाळी 97, दुपारी 95, संध्याकाळी 93 हा उतार मात्र खरा असतो.

मोजण्याची रीत अशी. पाच मिनिटं बसून राहा, चालत आल्या-आल्या मोजू नका. हात धुऊन कोरडे करा. कापूस वेचणाऱ्या, निंदणाऱ्या हातांची बोटं भेगाळलेली आणि मळकी असतात, त्यांतून प्रकाश नीट जात नाही. डिसेंबर-जानेवारीच्या सकाळी बोटं गार असतात, तेव्हा तळहात एकमेकांवर घासून किंवा कोमट पाण्यात धरून गरम करा. मधलं बोट किंवा तर्जनी पूर्ण आत घाला, नख वर आणि दिव्याच्या बाजूला. गडद नेलपॉलिश आणि काळी मेंदी असलेलं बोट सोडून द्या. हात छातीच्या उंचीला, टेबलावर स्थिर ठेवा, बोलू नका. आकडा लगेच लिहू नका, तीस सेकंद ते एक मिनिट थांबा. सुरुवातीला तो उड्या मारतो, मग ठरतो. ठरलेला लिहा.

सर्वांत जास्त गडबड वाचताना होते आणि ती जिवावर बेतणारी आहे. पडद्यावर दोन आकडे असतात. ‘एसपीओटू’ म्हणजे ऑक्सिजन, ‘पीआर’ किंवा ‘बीपीएम’ म्हणजे नाडी. ऑक्सिजन 88 आणि नाडी 98 असताना घरच्यांनी डॉक्टरांना फोनवर “98 आहे” सांगितलं, तर डॉक्टर निवांत होतात. आजारी माणसाची नाडी अनेकदा नव्वदीतच असते, म्हणून ही चूक सहज घडते. फोनवर नेहमी दोन्ही आकडे नावानिशी सांगा. दुसरी चूक यंत्र उलटं धरण्याची. 98 उलट्या बाजूने 86 दिसतो आणि 86 उलट्या बाजूने 98. पहिल्यात घर घाबरतं, दुसऱ्यात रोगी दगावू शकतो. म्हणून ज्या यंत्रात बटण दाबून आकड्यांची दिशा बदलते तेच घ्या, आणि घरात एकच दिशा पक्की करून ठेवा.

दुकानात काय बघायचं? पडदा उन्हातही वाचता येईल असा हवा. नाडीबरोबर वरखाली होणारी पट्टी किंवा लहर दिसायला हवी. लहर एकसारखी असेल तर आकड्यावर भरवसा, तुटक असेल तर बोट बदला. ‘पीआय’ म्हणजे बोटातल्या रक्तप्रवाहाचा अंक दाखवणारं यंत्र शंभर-दोनशे रुपये महाग मिळालं तरी घ्या. तो अंक अगदी कमी असेल, तर वाचन कच्चं समजायचं. खोक्यावर आयएसओ 80601-2-61 हे मानक, उत्पादकाचा किंवा आयातदाराचा पूर्ण पत्ता आणि बॅच नंबर असावा. बिननावाचं यंत्र निम्म्या किमतीत मिळालं तरी नको. पेन किंवा पेन्सिल अडकवून बघण्याची चाचणी फार पसरली आहे, पण तिच्यावर विसंबू नका, कारण चांगलं यंत्रही कधीकधी पेनावर काहीतरी आकडा दाखवतं. त्यापेक्षा पक्की कसोटी अशी: मनगटावर बोटं ठेवून घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट नाडी मोजा आणि यंत्राच्या नाडीशी ताडून पाहा. चार-पाच ठोक्यांहून जास्त फरक असेल तर ते यंत्र दुकानदाराला परत करा. ज्याला नाडी नीट पकडता येत नाही, त्याच्या ऑक्सिजनच्या आकड्याला काय अर्थ? मोबाइलच्या कॅमेऱ्यावर बोट ठेवून ऑक्सिजन सांगणारी ॲप्स तर काढूनच टाका.

आपल्या भागात काही वेगळ्या अडचणी आहेत, त्या खोक्यावर लिहिलेल्या नसतात. पहिली ऊन. अंगणात, उघड्या उजेडात मोजलं तर सूर्यप्रकाश सेन्सरवर पडून आकडा बिघडतो. सावलीत मोजा, नाहीतर हातावर दुपट्टा टाका. बहुतेक यंत्रं 5 ते 40 अंशांत चालण्यासाठी बनवलेली असतात, आणि मे महिन्यात चंद्रपूर-ब्रह्मपुरीकडे पारा 45 च्या वर जातो. गाडीच्या डिक्कीत किंवा टिनाखालच्या फळीवर ठेवलेल्या यंत्राचे सेल फुगतात, गळतात. माठाजवळच्या कोनाड्यासारखी थंड पण कोरडी जागा बरी.

दुसरी अडचण चुलीचा धूर आणि बिडी. धुरातला कार्बन मोनॉक्साइड रक्तात बसला की यंत्राला ते ऑक्सिजन भरलेलं रक्त वाटतं आणि आकडा फुगून येतो. स्वयंपाकानंतर लगेच बाईचं मोजू नका, हा वायू रक्तातून उतरायला काही तास लागतात.

तिसरी, आणि गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा, नागपूर या पट्ट्यात सर्वांत महत्त्वाची, सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार. सिकलसेलच्या रुग्णात यंत्राचा आकडा प्रत्यक्षाहून वर किंवा खाली जाऊ शकतो. अशा माणसाचा तब्येत बरी असतानाचा नेहमीचा आकडा आधीच वहीत लिहून ठेवा, आजारपणात त्याच्याशी तुलना करा आणि दुखणं किंवा धाप वाढली तर आकडा न बघता दवाखाना गाठा. रक्त फार कमी असेल तर 98 दिसूनही शरीराला ऑक्सिजन अपुरा पडतो, कारण यंत्र टक्केवारी सांगतं, रक्त किती आहे ते नाही. गडद त्वचेवर यंत्र प्रत्यक्षाहून जास्त आकडा दाखवू शकतं, असा इशारा अमेरिकेच्या एफडीए या औषध-उपकरण नियामक संस्थेने फेब्रुवारी 2021 मध्ये दिला होता. उन्हात राबणाऱ्या आपल्या लोकांनी तो मनावर घ्यावा: काठावरचा 94 दिसला तर निश्चिंत राहू नका, प्रत्यक्षात तो त्याहून कमी असू शकतो.

आकड्यांचा अर्थ सोपा आहे. 95 आणि वर असेल तर ठीक. 94 असेल तर दर दोन तासांनी मोजा आणि आशाताईला कळवा. दोन बोटांवर, पाच मिनिटांच्या अंतराने 93 किंवा खाली आला तर प्राथमिक आरोग्य केंद्राला फोन आणि जायची तयारी. 90 च्या खाली म्हणजे लगेच ऑक्सिजन, थेट 108. फोनवर गाव, तालुका, गावात शिरायची खूण, रोग्याचं वय आणि दोन्ही आकडे एका दमात सांगा. धारणीहून अमरावती सुमारे दीडशे किलोमीटर आहे. अशा ठिकाणी 93 वर निघणं आणि 88 वर निघणं यात वाटेतल्या ऑक्सिजनचा सगळा हिशोब बदलतो.

सहा मिनिटं चालण्याची चाचणी राज्याच्या आरोग्य विभागाने सांगितली होती आणि ती अजूनही उत्तम आहे. आधी बसून मोजा. मग सपाट जमिनीवर, जिने न चढता, नेहमीच्या चालीने सहा मिनिटं चाला आणि पुन्हा मोजा. आकडा 93 च्या खाली गेला, तीनहून जास्त उतरला किंवा धाप लागली, तर दवाखाना. साठीच्या पुढच्यांनी तीनच मिनिटं चालावं. दमेकऱ्यांनी करू नये, आणि बसूनच 94 च्या खाली असलेल्याला चालवू नये. एक माणूस शेजारी चालला पाहिजे.

यंत्र जे सांगत नाही, ते डोळ्यांनी बघावं लागतं. काही रोगी 85 असतानाही खर्रा चघळत गप्पा मारतात, त्यांना काही जाणवत नाही, म्हणून आकडा हवाच. उलट 97 असूनही श्वास मिनिटाला 24 हून जास्त वेळा चालत असेल, ओठ निळसर पडत असतील, बोलताना वाक्य तुटत असेल, तर आकड्याला बाजूला ठेवा आणि निघा. श्वास मोजायचा तर पोटावर नजर ठेवून पूर्ण एक मिनिट मोजा, रोग्याला न सांगता.

गाडी येईपर्यंत शुद्धीवर असलेल्या रोग्याला पालथं झोपवता येतं. एक उशी मानेखाली, एक-दोन छातीखाली ते मांड्यांपर्यंत, दोन नडगीखाली. उशा नसतील तर घडी केलेल्या चादरी चालतात. जेवून तासभर झालेला असावा. गरोदर बाई, हृदयाचा मोठा आजार किंवा मणक्याचा त्रास असलेल्यांना असं झोपवू नका.

लहान मुलांसाठी हे यंत्र घेऊ नका. बोट बारीक असल्याने चिमटा सैल बसतो आणि आकडा चुकू शकतो. तान्ह्या बाळांचे सेन्सर वेगळे असतात, ते दवाखान्यातच.

निगा थोडीच आहे, पण तीच टाळली जाते. सॅनिटायझर थेट ओतला की तो आत झिरपून दिव्यावरची काच धूसर करतो. स्पिरिट लावलेल्या, पिळलेल्या कापसाने रबरी गादी पुसा आणि वाळू द्या. एक यंत्र दहा घरांत फिरत असेल तर प्रत्येक बोटानंतर पुसा. सेल रिमोटचे दोन लागतात, अल्कलाइन घ्या. वापर नसेल तेव्हा काढून ठेवा.

2021 चं यंत्र कपाटातून काढत असाल तर आधी सेलची झडप उघडा. पांढरी-हिरवी भुकटी जमली असेल तर कोरड्या कापसाने खरवडून, स्प्रिंग चमकेपर्यंत पुसा आणि नवे सेल घाला. चिमट्याची स्प्रिंग सैल झाली असेल तर तो बोट धरत नाही, त्याला दुरुस्ती नाही. चिमटा घट्ट असेल तर यंत्र जवळच्या उपकेंद्रात किंवा आरोग्य केंद्रात घेऊन जा, तिथल्या यंत्राशी एकाच माणसाच्या एकाच हाताच्या शेजारच्या दोन बोटांवर ताडून पाहा. दोनच्या आत फरक असेल तर वापरा. तीन किंवा जास्त असेल, तर नवं घ्या आणि जुनं घरात ठेवू नका, म्हणजे रात्री घाईत तेच हाती लागणार नाही.