नाडी कळते, नडगी कळत नाही: दुखापतीनंतरच्या सरावासाठी गार्मिन फोररनर ५५

फोररनर ५५ हे २०२१ चं घड्याळ. आता दुकानात याच्याहून चकचकीत स्क्रीनची घड्याळं मिळतात. त्यामुळे इथे एकच प्रश्न घेतलाय: नडगीच्या हाडाला तडा गेलेला किंवा टाचेमागचा अकिलीस स्नायूबंध धरलेला, मुळात वेगवान असलेला पळणारा पुन्हा ४२ किलोमीटरच्या तयारीला लागतो तेव्हा हे घड्याळ कामाचं आहे का? नवशिक्याला कुठलंही चालेल. ज्याची मॅरेथॉन ३ तास १० मिनिटांची आहे, म्हणजे किलोमीटरला साधारण ४:३० चा पेस पायात मुरलाय, त्याला मात्र मागे खेचणारं घड्याळ लागतं. ढकलणारा तो स्वतःच असतो.

त्या कामाला हे घड्याळ चांगलं आहे, पण अर्धंच. उरलेल्या अर्ध्या कामात ते चक्क चुकीचा सल्ला देतं.

आधी चांगलं. वजन ३७ ग्रॅम, हातात असल्याचं जाणवत नाही. स्क्रीनला टच नाही, पाच बटणं आहेत, आणि बेळगावच्या पावसाळ्यात हाच मोठा फायदा आहे. जून ते सप्टेंबर ओल्या बोटांनी, घामाने, रेनकोटच्या बाहीखालून बटण दाबता येतं. टचस्क्रीनवर पावसाचे थेंबच बोटाचं काम करतात आणि नको ते पान उघडतं. जीपीएस चालू ठेवून २० तासांपर्यंत बॅटरी चालते असं कंपनी सांगते. रोज तासभर पळणाऱ्याने आठवड्यातून एकदा चार्ज केलं तरी भागतं.

खरं काम इंटरव्हल मेनूचं. डॉक्टरांनी पळायला मोकळीक दिली, ३० मिनिटं झपाझप चालून दुखत नाही, फक्त दुखऱ्या पायावर उड्या मारून दुखत नाही, इतकं झाल्यावरच पुढचं वाचा. रन उघडून ट्रेनिंगमध्ये इंटरव्हल निवडायचा. पळणं १ मिनिट, विश्रांती २ मिनिटं, पुनरावृत्ती ८, वॉर्मअप आणि कूलडाउन दोन्ही चालू. वॉर्मअपला वेळेची मर्यादा नसते. १० मिनिटं चालून झालं की उजवीकडचं खालचं बटण दाबायचं, मग पहिलं पळणं सुरू होतं. पुढची २४ मिनिटं घड्याळ स्वतः थरथरून सांगतं, आता पळ, आता चाल. मान खाली घालून बघावं लागत नाही. असं एक दिवसाआड. तीन वेळा न दुखता झालं तर २ मिनिटं पळणं आणि २ चालणं, मग ३ आणि १, असं चढवत न्यायचं. सलग ३० मिनिटं जमेपर्यंत पेसचा विचारही नको. ऑटो पॉज बंद ठेवा. चालू राहिला तर सिग्नलला थांबलात की घड्याळ वेळ मोजणं थांबवतं आणि चालण्या-पळण्याचा हिशेब विस्कटतो.

बहुतेकांची एक चूक इथेच होते. ते पेसचा अलर्ट लावतात, ६:०० पेक्षा वेगात गेलो तर वाजू दे म्हणून. एक-दोन मिनिटांच्या पळण्यात याचा काही उपयोग नाही. जीपीएसवरचा तात्कालिक पेस काही सेकंद मागे चालतो, झाडाखाली तर उड्या मारतो. घड्याळ वाजेपर्यंत तुमचा मिनिट संपलेला असतो. पेसचा अलर्ट ५ मिनिटांच्या पुढच्या सलग पळण्यालाच लावावा. तोवर बोलता येईल इतक्या दमाने पळणं हेच माप.

केडन्सचा अलर्ट मात्र पहिल्या दिवसापासून लावण्यासारखा आहे. केडन्स म्हणजे मिनिटाला पडणारी पावलं. ती ५ ते १० टक्क्यांनी वाढवली की पाऊल आखूड होतं, टाच शरीराच्या फार पुढे पडत नाही, आणि गुडघा व खुब्यावरचा भार कमी होतो. आधी आठवडाभर नुसतं बघा. समजा सहज पळताना १६२ येतात, तर ५ टक्के म्हणजे १७०. अलर्ट १६६ ते १७४ मध्ये ठेवा. हे मोजमाप मनगटाच्या हालचालीवरून होतं, त्यामुळे त्या हातात फोन किंवा पाण्याची बाटली धरून पळू नका.

आता नाडी. मनगटावरचा हिरवा दिवा त्वचेखालचं रक्त बघून ठोके मोजतो. डिसेंबर-जानेवारीच्या थंड सकाळी हातातल्या रक्तवाहिन्या आकसलेल्या असतात, तेव्हा पहिली १० मिनिटं आकडा भरवशाचा नसतो. त्याहून फसवा प्रकार म्हणजे घड्याळ पावलांचा ठेकाच नाडी म्हणून पकडतं. हळू पळताय, दम नाही, आणि स्क्रीनवर १७०? केडन्स बघा. तोही १७० असेल तर घड्याळ फसलंय. उभं राहून गळ्याशी १५ सेकंद ठोके मोजा, ४ ने गुणा, खात्री होते. मनगटाच्या हाडाच्या दोन बोटं वर, पळताना एक भोक घट्ट, असं बांधलं की बराच फरक पडतो. छातीचा पट्टा जोडता येतो; परतीच्या काळात तो घेतलाच तर पैसे वाया जात नाहीत. कमाल नाडी घड्याळ २२० वजा वय अशी धरून बसतं. ती आपल्या खऱ्या आकड्याने बदला, नाहीतर नाडीचे सगळे झोन, म्हणजे किती जोर लागतोय याचे टप्पे, चुकतात.

आणि इथेच मुख्य तक्रार सुरू होते. हे घड्याळ रोज एक वर्कआउट सुचवतं, रिकव्हरीचे तास सांगतं, मॅरेथॉनची अपेक्षित वेळही दाखवतं. तिन्हींचा पाया नाडी आणि पेस. दोन महिने सायकल आणि पोहण्यावर काढलेल्याचं हृदय फारसं मागे गेलेलं नसतं, आणि गेलं तरी काही आठवड्यांत परत येतं. हाड आणि स्नायूबंध मात्र आदळणं सोसायला पुन्हा हळूहळूच तयार होतात, महिने घेतात. नाडी खाली बसली की घड्याळ टेम्पो, म्हणजे सलग जोराचं पळणं, सुचवतं. ‘नडगी दुखावली होती’ हे त्याला सांगायची सोयच नाही. मॅरेथॉनची वेळ दाखवताना तर त्या अंतराचा योग्य सराव झालाय असं ते गृहीत धरतं. गार्मिनच्या माहितीपुस्तकातच तसं म्हटलंय. सहा महिन्यांत लाँग रन, म्हणजे लांब पल्ल्याचं पळणं, न झालेल्याला तो आकडा बघून हुरूप येतो, आणि नेमका तोच हुरूप महागात पडतो. रोजची सूचना सेटिंगमधून बंद करता येते. पहिल्या दिवशी बंद करा.

त्याऐवजी घड्याळाबाहेरची दोन मापं वहीत लिहा. पळताना दुखणं १० पैकी किती, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पलंगावरून उतरताना पहिली पावलं कशी पडली. अकिलीसला १० पैकी २-३ पर्यंत दुखणं सहसा चालतं, सकाळचा ताठरपणा वाढत नसेल तर. हाडाच्या दुखापतीत ० च्या वर काहीच चालत नाही. बोटाने दाबून एका बिंदूवर दुखलं तर थांबून डॉक्टर. हे कुठलंच घड्याळ सांगत नाही.

रस्त्यांचंही थोडं. बेळगावात टिळकवाडीतल्या व्हॅक्सीन डेपोत आणि कॅम्पातल्या जुन्या झाडांखाली जीपीएसची रेघ वाकडी येते, पण आपल्याला अंतर नव्हे, वेळ मोजायचीय, म्हणून बिघडत नाही. फक्त उघड्यावर उभं राहून सॅटेलाइट मिळाल्यावरच सुरू करा. वेंगुर्ला रोडवर हिंडलगा, सुळगा करत बाचीच्या पुढे शिनोळीला गेलात की राज्य बदलतं, घड्याळ आपलं मुकाट मोजत राहतं. ४०० मीटरच्या ट्रॅकवर साधं रन न लावता ट्रॅक रन लावा आणि लेन बरोबर निवडा.

राजहंसगडाचा चढ मात्र यात नीट दिसणार नाही. घड्याळात हवेच्या दाबावर उंची मोजणारा भाग नाही, जीपीएसवरून काढलेली उंची भरकटते. तसंही अकिलीसवाल्याने चढ आणि गुडघेवाल्याने उतार शेवटीच घ्यावा.

फेब्रुवारी २०२४ मध्ये आलेल्या फोररनर १६५ मध्ये उंचीचा तो भाग आहे, स्क्रीन चकचकीत अमोलेड आहे, टचही आहे. डोंगररस्त्यावर लाँग रन करणारे असाल तर ते घ्या. मुंबई मॅरेथॉन जानेवारीतल्या तिसऱ्या रविवारी असते. १६ आठवडे मागे मोजले तर सराव सप्टेंबरअखेरीस, इथला पाऊस ओसरताना सुरू होतो. परतीचा चालणं-पळणं हा भाग त्याच्याही आधी, भर पावसात उरकायचा असतो. त्या भागापुरतं बघाल तर ५५ मध्ये काही कमी नाही, आणि उरलेल्या पैशात छातीचा पट्टा आणि नवे बूट येतात.

एक जपायचं. घड्याळाच्या पाठीवर चार्जिंगच्या चार पिना आहेत. घाम आणि आपली तांबडी माती तिथे साचते, तसंच चार्जिंगला लावलं की पिना गंजतात आणि मग चार्ज धरत नाही. पळून आल्यावर साध्या पाण्याने धुवा, फडक्याने कोरडं करा, मग केबल लावा. केबल गार्मिनचीच लागते, मोबाइलची चालत नाही. स्पर्धेला बाहेरगावी जाताना बॅगेत आधी ती टाका.