कोकणातील कान-नाक-घसा डॉक्टरने ॲलर्जीचे शिक्षण कोठून घ्यावे?

चिपळूण, रत्नागिरी, कणकवली किंवा सावंतवाडी येथे स्वतंत्र व्यवसाय करणाऱ्या कान-नाक-घसा डॉक्टरच्या ओपीडीत पावसाळाभर, आणि विशेषतः गणपतीच्या आधी घराची साफसफाई सुरू होऊन माळ्यावरचे सामान खाली निघू लागले की, सलग शिंका, चोंदलेले नाक आणि डोळ्यांची खाज घेऊन येणाऱ्यांची रांग लागते. गोळी आणि नाकातला स्प्रे यांवर बहुतेकांचे भागते. ज्यांचे भागत नाही, त्यांच्यासाठी प्रिक टेस्ट (त्वचेवर टोचून घेतलेली ॲलर्जीची चाचणी) आणि इम्युनोथेरपी (ॲलर्जी करणाऱ्या पदार्थाचा अर्क ठरलेल्या मात्रेत देत राहण्याचा उपचार) आपणच सुरू करावी असे डॉक्टरला वाटू लागते, आणि तेथेच शिक्षणाचा प्रश्न उभा राहतो. एमएसच्या अभ्यासक्रमात ॲलर्जी असते, परंतु शस्त्रक्रियेच्या शिक्षणापुढे ती बहुधा मागे पडते. त्यामुळे हे कौशल्य नंतर वेगळे मिळवावे लागते.

त्यासाठी कान-नाक-घसा तज्ज्ञांची राष्ट्रीय संघटना, ॲलर्जीतज्ज्ञांची भारतीय संस्था व तिच्या जोडीचे अभ्यासक्रम, अमेरिकेतील ऑटोलॅरिंजिक ॲलर्जीची अकादमी आणि युरोपीय अकादमी असे चार पर्याय समोर येतात. माझे मत आरंभीच सांगतो: किनारपट्टीवर एकट्याने व्यवसाय करणाऱ्याने प्रथम देशातच, ॲलर्जीतज्ज्ञांच्या हाताखाली प्रत्यक्ष काम शिकावे आणि परदेशी साहित्याकडे त्यानंतर वळावे. या मताची कारणे पुढे दिली आहेत. ज्याची परिस्थिती वेगळी असेल त्याचा निर्णयही वेगळा होऊ शकेल.

प्रथम आपला रुग्ण

कोणत्याही अभ्यासक्रमाची निवड आपल्या भागातील ॲलर्जनवरून, म्हणजे ॲलर्जी करणाऱ्या घटकांवरून, व्हावी. धुळीतील माइट हे अतिसूक्ष्म जीव हवेतील ओलाव्यावर जगतात. सापेक्ष आर्द्रता दीर्घकाळ 50 टक्क्यांच्या खाली राहिली तर त्यांचा टिकाव लागत नाही. आपल्याकडे तसे फारसे घडतच नाही, म्हणून डर्मॅटोफॅगॉइडिस या माइटच्या जातींबरोबर उष्ण, दमट प्रदेशांतला ब्लोमिया ट्रॉपिकॅलिस हा माइटही आपल्या पॅनेलमध्ये, म्हणजे चाचणीच्या ॲलर्जनसंचात, असणे आवश्यक आहे. त्यात पावसाळ्यात भिंतींवर, कपाटांत आणि गाद्यांवर चढणारी बुरशी, गोठ्यातला पेंढा, भातझोडणीची धूळ आणि झुरळे यांची भर पडते. बुरशीचा विषय येथे संपत नाही, कारण ॲलर्जिक फंगल सायनुसायटिसचे (बुरशीच्या ॲलर्जीने सायनस सुजलेले) रुग्ण शेवटी दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेसाठी आपल्याकडेच येतात. काजूच्या कारखान्यात काम करणाऱ्या स्त्रियांच्या हातांवर टरफलाच्या तेलाने येणारा दाह हा त्वचेच्या संपर्काचा वेगळा प्रकार असून त्याचे निदान प्रिक टेस्टने होत नाही, एवढे भानही शिक्षणातून यावे लागते.

राष्ट्रीय संघटना आणि ॲलर्जीतज्ज्ञांची संस्था

असोसिएशन ऑफ ऑटोलॅरिंगॉलॉजिस्ट्स ऑफ इंडिया ही आपली मातृसंस्था आहे. तिची वार्षिक परिषद, राज्य व शहर शाखांच्या सभा आणि तिचे नियतकालिक यांमुळे नाकाची एंडोस्कोपी, पॉलिप, सायनसची शस्त्रक्रिया आणि तिच्यानंतरची काळजी या बाबतींत डॉक्टर अद्ययावत राहतो. आपल्याच शाखेतील ज्येष्ठांना रात्री फोन करून सल्ला घेता येतो, हा आधार लहान गावातील डॉक्टरला फार मोलाचा वाटतो. मर्यादा एवढीच की, परिषदेच्या भरगच्च कार्यक्रमात ॲलर्जीच्या वाट्याला येणारा वेळ थोडा असतो आणि तो बहुतेक व्याख्यानांतच जातो. व्याख्यान ऐकून प्रिक टेस्ट करता येत नाही.

इंडियन कॉलेज ऑफ ॲलर्जी, अस्थमा अँड अप्लाइड इम्युनॉलॉजी या संस्थेत छातीविकारतज्ज्ञ, बालरोगतज्ज्ञ आणि कान-नाक-घसा तज्ज्ञ एकत्र बसतात, आणि माझ्या मते हाच तिचा सर्वांत मोठा गुण आहे. ॲलर्जिक ऱ्हायनायटिसच्या (नाकाच्या ॲलर्जीच्या) 10 ते 40 टक्के रुग्णांना दमाही असतो, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या सहकार्याने तयार झालेली ‘आरिया’ मार्गदर्शिका सांगते. आपण नाक पाहतो, पण इम्युनोथेरपी नाकापुरती राहत नाही. अनियंत्रित दमा असलेल्या रुग्णाला इंजेक्शन दिले तर जिवावर बेतू शकते. म्हणून स्पायरोमेट्री (फुंकून घेतलेली फुप्फुसांची चाचणी) वाचता येणे, आणि एफईव्ही-वन (पहिल्या सेकंदात जोराने बाहेर टाकलेली हवा) अपेक्षेच्या 70 टक्क्यांच्या खाली असेल तर थांबता येणे, हे कान-नाक-घसा डॉक्टरला छातीविकारतज्ज्ञाच्या शेजारी बसूनच नीट समजते. भारतातील इम्युनोथेरपीसाठी या संस्थेने 2009 मध्ये मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली आणि 2017 मध्ये त्यांची सुधारित आवृत्ती काढली. आपल्याकडे मिळणारे बहुतेक अर्क वजन व आकारमानाच्या प्रमाणात मोजलेले असतात आणि प्रमाणित युनिटांत तोललेले नसतात. त्यामुळे एका कंपनीची बाटली संपून दुसऱ्या कंपनीची किंवा नव्या बॅचची सुरू करताना मात्रा कमी करावी लागते. परदेशी प्रमाणित अर्कांच्या मात्रांचे तक्ते आपल्या बाटल्यांना जसेच्या तसे लागू पडत नाहीत.

याच वाटेवर दिल्ली विद्यापीठाच्या वल्लभभाई पटेल चेस्ट इन्स्टिट्यूटच्या श्वसनमार्गाच्या ॲलर्जीवरील कार्यशाळा आहेत, आणि ज्याला पदविकेची शिस्त हवी आहे त्याच्यासाठी वेलोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजचा ॲलर्जीवरील अभ्यासक्रम आहे. कार्यशाळेचे महत्त्व एका साध्या गोष्टीवरून लक्षात येईल. प्रिक टेस्टमध्ये हाताच्या आतील बाजूस थेंब ठेवतात, लॅन्सेटने त्वचेचा केवळ वरचा थर टोचतात आणि 15 ते 20 मिनिटांनी गांधी मोजतात. निगेटिव्ह कंट्रोलपेक्षा (ॲलर्जन नसलेल्या थेंबापेक्षा) 3 मिलिमीटर किंवा अधिक गांधी आली तर चाचणी पॉझिटिव्ह धरतात. कागदावर हे अगदी सोपे आहे. मे महिन्यात मात्र घामाने थेंब पसरून एकमेकांत मिसळतात, टोचणे खोल गेले तर रक्त येऊन वाचन बिघडते, आणि सर्वांत जास्त वेळा असे होते की हिस्टामिनचा पॉझिटिव्ह कंट्रोलच (ज्याने गांधी यायलाच हवी असा तुलनेचा थेंब) उठत नाही. रुग्णाने ‘ॲलर्जीची गोळी’ आठवडाभर बंद ठेवलेली असते, परंतु मेडिकलमधून आणलेली ‘सर्दीची गोळी’ कालच घेतलेली असते, आणि तिच्यातही अँटिहिस्टामिन असते. त्या दिवशीची चाचणी निरर्थक असते. रुग्ण देवगडहून एसटीने आलेला असला तरी त्याला परत बोलवावेच लागते. निगेटिव्ह आलेले पॅनेल आणि निरर्थक झालेले पॅनेल यांतला फरक ओळखण्याची नजर, कोणीतरी अनुभवी माणूस शेजारी उभा राहून हात धरून दाखवतो, तेव्हाच तयार होते.

या वाटेची उणीवही सांगितली पाहिजे. दमा आणि फुप्फुसांवर तेथे अधिक भर असतो. नाकाच्या पडद्याचा वाक, टर्बिनेटची (नाकाच्या आतील बाजूच्या उंचवट्यांची) वाढ किंवा पॉलिप यांमुळे बंद झालेल्या नाकात ॲलर्जीचा वाटा किती आणि रचनेचा किती, हा आपला रोजचा प्रश्न तेथे कमी चर्चिला जातो. त्यासाठी मातृसंस्थेचे सदस्यत्व सोडू नये.

अमेरिकेची अकादमी

अमेरिकन अकादमी ऑफ ऑटोलॅरिंजिक ॲलर्जी ही नेमकी आपल्या विषयाची संस्था असून तिची स्थापना 1941 मध्ये झाली. कान-नाक-घसा डॉक्टरनेच ॲलर्जीची तपासणी आणि उपचार करावेत, ही भूमिका तिने इतकी वर्षे चिकाटीने मांडली आहे. तिचे अभ्यासक्रम पायरीपायरीने पुढे जातात आणि परीक्षा देऊन तिची फेलोशिप मिळवता येते. अमेरिकन ऱ्हायनॉलॉजिक सोसायटीबरोबर ती 2011 पासून ‘इंटरनॅशनल फोरम ऑफ ॲलर्जी अँड ऱ्हायनॉलॉजी’ हे नियतकालिक चालवते. त्याच नियतकालिकात 2018 मध्ये आणि पुन्हा 2023 मध्ये ॲलर्जिक ऱ्हायनायटिसवरील पुराव्यांचा आंतरराष्ट्रीय आढावा आला. उपचाराच्या प्रत्येक प्रकारामागे किती बळकट पुरावा आहे हे त्यात एका जागी सापडते, म्हणून दुसरे काही घेतले नाही तरी एवढे वाचन प्रत्येकाने करावे असे मी आग्रहाने सांगेन.

आपली अडचण तपासणीच्या पद्धतीत येते. अमेरिकेतील कान-नाक-घसा परंपरेत त्वचेत इंजेक्शन देऊन पाचपाच पटींनी विरल केलेल्या द्रावणांची चाचणी घेण्याची, तसेच प्रिक आणि इंट्राडर्मल (त्वचेत इंजेक्शन देऊन घेतलेली) चाचणी यांचा मेळ घालून सुरुवातीची मात्रा ठरवण्याची पद्धत रुजलेली आहे. ती शास्त्रशुद्ध आहे, परंतु तिच्यासाठी प्रत्येक ॲलर्जनच्या अनेक विरल बाटल्या ताज्या ठेवाव्या लागतात, आणि दवाखान्यात प्रशिक्षित परिचारिका लागते. दिवसाला मोजक्याच चाचण्या होणाऱ्या दवाखान्यात त्यातल्या कित्येक बाटल्या मुदत संपल्याने टाकाव्या लागतील. शिवाय तेथील उदाहरणे बरीचशी रॅगवीड या तणाच्या परागांभोवती फिरतात. आपल्या रुग्णाला बारमाही माइटचा त्रास असतो. ऑनलाइन सत्रांच्या वेळेचाही विचार करावा: न्यूयॉर्कमध्ये संध्याकाळचे सात वाजतात तेव्हा आपल्याकडे पहाटेचे साडेचार किंवा साडेपाच झालेले असतात, आणि सकाळी शस्त्रक्रिया असलेल्या डॉक्टरला हे फार काळ झेपत नाही.

युरोपीयन अकादमी ऑफ ॲलर्जी अँड क्लिनिकल इम्युनॉलॉजी ही 1956 मध्ये स्थापन झालेली संस्था या बाबतीत सोयीची आहे, कारण तेथील दुपार ही आपली संध्याकाळ असते. तिच्यात कान-नाक-घसा तज्ज्ञांचा स्वतंत्र विभाग आहे आणि माइटच्या इम्युनोथेरपीवर तिचे लेखन सकस आहे. तिची ज्ञानपरीक्षा कठीण असून रोगप्रतिकारशास्त्राचा पाया पक्का करते. अध्यापनाकडे वळू इच्छिणाऱ्या, डेरवण, रत्नागिरी किंवा सिंधुदुर्गच्या वैद्यकीय महाविद्यालयात काम करणाऱ्या तरुण डॉक्टरांनी तिचा अवश्य विचार करावा. केवळ दवाखाना चालवणाऱ्याला तिची तातडी नाही.

शुल्क भरण्यापूर्वी

महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या नोंदणीचे नूतनीकरण करण्यासाठी पाच वर्षांत 30 क्रेडिट पॉइंट लागतात. देशातील मान्यताप्राप्त परिषदा व कार्यशाळांमधून ते मिळतात. परदेशी कार्यक्रमांचे पॉइंट धरले जातील की नाही, हे कौन्सिलकडून लेखी विचारून घ्यावे, आणि पदविका किंवा फेलोशिप पाटीवर लिहिण्यापूर्वीही हीच चौकशी करावी.

त्याहून महत्त्वाची चौकशी आयोजकांकडे करायची आहे. प्रत्येक शिकणाऱ्याला स्वतःच्या हाताने किती चाचण्या करायला मिळतील, ॲनाफिलॅक्सिस (जिवावर बेतणारी तीव्र ॲलर्जी) हाताळण्याचा सराव प्रत्यक्ष करून घेतला जातो का, आणि परतल्यानंतर अडचण आली तर फोन उचलणारे कोण, हे विचारावे. सरावाचा मुद्दा मी सर्वांत वर ठेवतो. इंजेक्शननंतर रुग्णाला 30 मिनिटे दवाखान्यात बसवून ठेवणे, आणि अंगावर पित्त उठून श्वास लागू लागताच वेळ न दवडता प्रौढाला 0.5 मिलिग्रॅम ॲड्रेनॅलिन मांडीच्या बाहेरील बाजूस स्नायूत देणे, हे डॉक्टरच्या इतके अंगवळणी पडलेले असावे की त्यासाठी पुस्तक उघडावे लागू नये. जवळचे अतिदक्षता युनिट घाट किंवा खाडी ओलांडून असेल, तर पहिल्या पाच मिनिटांत काय होते त्यावर सारे अवलंबून राहते. दवाखान्यातील सहायकाला हा सराव कोणतीही संस्था घरी येऊन देणार नाही. तो डॉक्टरने स्वतः, दर काही महिन्यांनी, घड्याळ लावून घ्यावा.

आणि अर्कांच्या साठवणुकीबद्दल प्रश्न विचारायला विसरू नये. या बाटल्या 2 ते 8 अंश सेल्सिअस तापमानात ठेवाव्या लागतात. जून 2020 मधील निसर्ग चक्रीवादळानंतर रायगड आणि उत्तर रत्नागिरीतील कित्येक गावे दिवसेंदिवस विजेविना होती. ज्या दवाखान्यात इन्व्हर्टरवर चालणारा फ्रिज आणि तापमान नोंदवणारा थर्मामीटर नाही, तेथे अशा वेळी बाटल्यांची क्षमता उरली आहे की गेली हे सांगता येत नाही. तीन ते पाच वर्षे चालणारा उपचार रुग्णाला सांगण्यापूर्वी फ्रिजची ही सोय करून घ्यावी, आणि ती होईपर्यंत प्रिक टेस्ट करून इम्युनोथेरपीसाठी रुग्णाला मुंबई, कोल्हापूर किंवा बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजकडे पाठवावे.