वर्डमधला दीर्घ मजकूर सलग वाचण्यासाठी पीडीएफ की ईपब?

प्रबंध, अहवाल, आत्मकथनाचा खर्डा असा शेदीडशे पानांचा मजकूर हल्ली बहुधा वर्डच्या फाइलीतच हाती येतो. तो कागदावर न छापता मोबाइलवर किंवा टॅबवर सलग वाचायचा असेल, तर त्याची पीडीएफ करावी की ईपब (ई-पुस्तकांसाठीचा फाइलप्रकार), हे आधी ठरवावे लागते. वर्डच्या अ‍ॅपमध्येच वाचण्याचा मार्ग मी विचारात घेतलेला नाही, कारण बोट लागून मूळ मजकूर बदलेल ही धास्ती तिथे सतत मनात राहते.

पीडीएफच्या बाजूने सांगण्यासारखे बरेच आहे. वर्डमधून ती थेट निघते, फॉन्ट तिच्यातच अंतर्भूत होतो आणि जोडाक्षरे लेखकाच्या संगणकावर जशी दिसत होती तशीच आपल्याकडेही दिसतात. रुंद तक्ते, नकाशे, वंशावळी यांची मांडणी विस्कटत नाही. अभिप्राय लिहिताना पृष्ठक्रमांक देता येतो, ही सोयही लहान नाही. मोठ्या पडद्याच्या टॅबवर वाचणाऱ्याला पीडीएफविषयी फारशी तक्रार नसेल, हे मी मान्य करतो.

माझी अडचण तळटिपांपाशी सुरू झाली. पाने एकाखाली एक सरकवत वाचायची असतात, तेव्हा पीडीएफमध्ये पान संपण्याची जागा वाक्याच्या मधोमध येते. वतनांवरील एका प्रबंधात मी वाचत होतो: ‘त्यामुळे या गावांच्या सनदा रद्द करण्याचा प्रस्ताव’. त्याखाली आडवी रेघ, बारीक अक्षरांतल्या चार तळटिपा, पृष्ठक्रमांक, कोरा समास, पुढच्या पानाच्या माथ्यावर प्रबंधाचे लांबलचक शीर्षक, आणि त्यानंतर कुठे ‘अखेर फेटाळण्यात आला.’ मराठी वाक्याचे क्रियापद शेवटी येते, त्यामुळे असे तुटलेले वाक्य अर्थ हातात न देताच वाचकाला टिपांच्या गर्दीतून पुढे नेते, आणि क्रियापदापर्यंत पोचल्यावर सुरुवात आठवण्यासाठी पुन्हा वर सरकावे लागते. कागदावर नजर एका क्षणात पान ओलांडते, पण मोबाइलच्या पडद्यावर तेवढ्याच अंतरासाठी दोनतीनदा बोट फिरवावे लागते. एखाद्या पानावर हे चालून जाते. संपूर्ण प्रबंधभर ते सोसणे मला जड गेले, आणि माझा कौल मुख्यतः याच कारणाने ईपबकडे फिरला.

२००७ साली प्रमाणित झालेल्या ईपबचे अंतरंग म्हणजे एकत्र बांधलेली वेबपाने. त्यात मुळात पानच नसते, मजकूर पडद्याच्या रुंदीनुसार वाहतो. अक्षर मोठे केले तरी ओळ पडद्याबाहेर जात नाही. रफार, वेलांट्या आणि उकार यांमुळे देवनागरीला ओळींमध्ये थोडी जास्त मोकळीक लागते, ती बहुतेक वाचन-अ‍ॅपमध्ये वाढवता येते. तळटिपा शेवटी जातात आणि आकड्याला स्पर्श केला की उघडतात. काही अ‍ॅप त्या जागच्या जागी छोट्या चौकटीत दाखवतात. वाक्य मात्र अखंड राहते. यासाठी अ‍ॅपमध्ये पान उलटण्याऐवजी सरकवण्याची पद्धत एकदा निवडावी लागते, आणि ती प्रत्येक अ‍ॅपमध्ये असतेच असे नाही.

रूपांतरासाठी मी कॅलिबर वापरतो. कोविद गोयल यांनी २००६ मध्ये सुरू केलेले हे मोफत सॉफ्टवेअर वर्डची डॉक्स (.docx) फाइल थेट घेते, तळटिपांचे दुवे जपते आणि शीर्षकांवरून अनुक्रमणिका तयार करते. मात्र ती शीर्षके वर्डच्या हेडिंग शैलीत असावी लागतात. आपल्याकडे अनेक लेखक प्रकरणाचे नाव नुसते ठळक करून मध्यभागी आणतात आणि नवे पान एंटर दाबत दाबत गाठतात, त्यामुळे रूपांतरापूर्वी थोडी साफसफाई करावी लागते. मला हे काम कंटाळवाणे वाटत नाही, पण ज्याला एकच फाइल एकदाच चाळायची आहे त्याला ते नकोसे वाटू शकेल. लिबरऑफिस या मोफत सॉफ्टवेअरमधूनही ईपब काढता येते. तळटिपांनी भरलेल्या मजकुरासाठी मला कॅलिबरचे काम अधिक नेटके वाटले.

वर्डमधून वेबपान म्हणून जतन करण्याचा तिसरा मार्गही आहे आणि तो खरोखर सलग वाचनाचा आहे. परंतु चित्रे वेगळ्या फोल्डरमध्ये जातात, आणि ब्राउझर बंद केला की वाचनाची जागा बहुधा हरवते. दीर्घ मजकुरासाठी मला तो पुरेसा वाटला नाही.

एका बाबतीत मात्र पीडीएफला पर्याय नाही. युनिकोड ही सर्व लिप्यांसाठीची समान संकेतप्रणाली रूढ होण्यापूर्वीच्या फॉन्टात टाइप केलेल्या जुन्या फाइलींचे ईपब केले, की मराठीच्या जागी रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा गोंधळ समोर येतो. असा मजकूर आधी युनिकोडमध्ये आणून तपासायला वेळ नसेल, तर पीडीएफच करावी. तक्त्यांनीच भरलेल्या अहवालालाही हेच लागू आहे. ईपबमध्ये पृष्ठक्रमांकाची उणीव मला वाटली होती तितकी जाणवली नाही. अभिप्रायात मी वाक्यातले चारपाच शब्द उद्धृत करतो आणि लेखक ते वर्डमध्ये शोधून नेमक्या जागी पोचतो. फॉन्ट बदलला की वर्डचे पृष्ठक्रमांक एरवीही सरकतातच.