३.३ व्होल्ट बरोबर, तरी रेग्युलेटर नकली

मीटरवर ३.३ व्होल्ट दिसले की घेणाऱ्याचं समाधान होतं, आणि नेमकी तिथेच ही फसवणूक पचते. 'एमसीपी१७००-३३०२' (आउटपुट ३.३ व्होल्टला स्थिर ठेवणारा, स्वतः फार कमी करंट खाणारा रेग्युलेटर) म्हणून विकल्या जाणाऱ्या स्वस्त पाकिटात कधीकधी दुसराच रेग्युलेटर निघतो, फक्त नंबर नव्याने छापलेला. आउटपुट चोख असतं. खोट असते ती रेग्युलेटर स्वतः किती करंट खातो, त्यात.

खरा एमसीपी१७०० स्वतःसाठी साधारण १.६ मायक्रोअँपिअर घेतो, फार तर ४. एएमएस१११७ जातीचा दुसरा रेग्युलेटर घेतो ५ मिलीअँपिअरच्या आसपास. म्हणजे सर्किट झोपलेलं असलं तरी २५०० एमएएचचा सेल ५०० तासांत, जेमतेम तीन आठवड्यांत रिकामा! आणि माणूस बिचारा कोडमधली चूक शोधत बसतो.

म्हणून सोल्डर करण्याआधीच तपासा. टीओ-९२ची (तीन पायांचं छोटं काळं प्लास्टिकचं वेष्टन) सपाट बाजू समोर धरली की डावीकडून ग्राउंड, इनपुट, आउटपुट. इनपुट आणि आउटपुट दोन्हींपासून ग्राउंडला १ मायक्रोफॅरडचे कपॅसिटर, इनपुटला ५ व्होल्ट. ६च्या वर मुळीच नको. सुरुवातीला इनपुटमध्ये १०० ओहम घाला. आउटपुटला ३.३ न येता रेझिस्टरच्या पुढचं व्होल्टेज कोसळलं तर पायांचा क्रमच वेगळा आहे. ७८एल या दुसऱ्या रेग्युलेटर मालिकेत तो आउटपुट, ग्राउंड, इनपुट असा असतो. सगळं ठीक असेल तर लोड न लावता मीटर मायक्रोअँपिअरवर ठेवून इनपुटच्या वायरीत जोडा. कपॅसिटर भरेपर्यंत मीटरची दोन टोकं वायरीने जोडून ठेवा, नाहीतर त्या झटक्याने फ्यूज जाऊ शकतो. वाचन मिलीअँपिअरमध्ये आलं तर माल खोटा, पुढे बघायलाच नको.

मायक्रोअँपिअरमध्ये असेल तर मीटर आणि १०० ओहम काढा, आउटपुटला ४७ ओहम अर्धा वॉटचा रेझिस्टर लावा (सुमारे ७० मिलीअँपिअर) आणि इनपुट हळूहळू ३.६ व्होल्टपर्यंत उतरवा. खऱ्याचं आउटपुट ३.३लाच टिकतं. खाली घसरलं तर लिथियम सेलवर तो कामाचा नाही.

'लो पॉवर' म्हणून विकल्या जाणाऱ्या तयार मॉड्यूलवरही रेग्युलेटरचा नंबर भिंगातून वाचा. १११७ दिसला तर घेऊच नका. पॉवर एलईडी (सप्लाय चालू असल्याचा दिवा) त्याशिवाय आणखी मिलीअँपिअरभर खातो तो वेगळाच.

विक्रेता हमखास म्हणतो, "व्होल्टेज तर बरोबर आहे ना?" तेव्हा मीटरच्या वाचनाचा, नंबरचा आणि पाकिटाचा फोटो आधीच काढून ठेवा. ॲसिटोनच्या बोळ्याने नंबर पुसला जातो का, हे एकाच नगावर बघा. बाकीचे जसेच्या तसे परत द्यायला लागतील.