सिंगल डोअर की फ्रॉस्ट फ्री? आधी आजार बघा, मग रंग

इडलीचं पीठ रात्री फ्रिजमध्ये ठेवलं आणि सकाळी त्यानं डब्याचं झाकण उचललेलं दिसलं, की फ्रिज आजारी आहे हे कळायला थर्मामीटर लागत नाही. आत 4 अंशांच्या आसपास गारवा असेल तर पीठ असं फुगत नाही. बहुतेक घरांत नव्या फ्रिजची चर्चा अशाच एखाद्या सकाळी सुरू होते. मग आपण दुकानात जातो आणि लिटर, स्टार, दरवाजावरची फुलं बघून येतो. हा फ्रिज बिघडला तर कसा बिघडेल, हे तिथं कुणी सांगत नाही आणि आपणही विचारत नाही. माझ्या मते निवड त्यावरूनच करावी.

सिंगल डोअर, म्हणजे डायरेक्ट कूल, साधारण 170 ते 230 लिटरच्या घरात मिळतो. आत पंखा नाही, हीटर नाही. फ्रीजरच्या पातळ ॲल्युमिनियमच्या भिंतीतूनच गॅसच्या वाटा गेलेल्या असतात आणि थंड हवा जड म्हणून आपली आपण खाली उतरते. बिघडण्यासारखे सुटे भागच मोजके: थर्मोस्टॅट, कॉम्प्रेसर सुरू करून देणारा रिले आणि तो फार तापला की बंद करणारा ओव्हरलोड. कोपऱ्यावरच्या कुठल्याही मेकॅनिकला हा फ्रिज पाठ असतो.

याचा खरा शत्रू आपणच. फ्रीजरमध्ये बर्फ साचतो, बर्फाचा ट्रे चिकटून बसतो, पाहुणे दारात असतात आणि हातात सुरी असते. टोक जरा खोल गेलं की ‘फुस्स’ असा आवाज येतो आणि बघता बघता सगळा गॅस निघून जातो. भोक बुजवून देणारे भेटतात, पण ते ठिगळ किती टिकेल याची खात्री नाही. बहुधा अख्खा चिलर, म्हणजे फ्रीजरची ती ॲल्युमिनियमची पेटीच, बदलावा लागतो. शिवाय गॅस भरायचा खर्च वेगळा. हे सगळं टाळायला थर्मोस्टॅटच्या मधोमध एक बटण दिलेलं असतं. बर्फाचा थर बोटाच्या निम्म्या जाडीचा झाला की ते रात्री दाबायचं. बर्फ वितळेपर्यंत कॉम्प्रेसर बंद राहतो आणि नंतर आपोआप सुरू होतो. सकाळी ट्रेमधलं पाणी ओतलं की झालं. ज्या घरात हे आठवणीनं होतं, तिथं सिंगल डोअर वर्षानुवर्षं कुरकुर न करता चालतो.

फ्रॉस्ट फ्रीमध्ये बर्फ दिसत नाही, कारण तो मागच्या पत्र्याआड साचतो. तिथल्या कॉइलवरून पंखा हवा खेळवतो आणि दिवसातून काही वेळा हीटर पेटून कॉइलवरचा बर्फ वितळवतो. म्हणजे सोय वाढली आणि बिघडायच्या जागाही वाढल्या: पंख्याची मोटर, हीटर, फ्यूज, बर्फ वितळला की हीटर बंद करणारं बायमेटल, शिवाय टायमर किंवा त्याच्या जागी आलेली पीसीबी, म्हणजे सर्किटची पाटी. यातलं काहीही गेलं तरी तक्रार बहुधा एकच येते. वर आइस्क्रीम दगडासारखं असतं आणि खाली दूध नासतं.

इथंच लोक सर्वांत जास्त फसतात. ‘गॅस कमी झालाय’ असं सांगितलं जातं, गॅस भरला जातो, आठवडाभर फ्रिज छान चालतो आणि पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. चालतो तो गॅसमुळे नाही. दुरुस्तीपायी फ्रिज बंद राहिला, तेवढ्यात मागचा बर्फ वितळलेला असतो! ही परीक्षा घरी फुकटात करता येते. सामान शेजारी ठेवा, प्लग काढा, दोन्ही दारं उघडी ठेवा, खाली जुने टॉवेल अंथरा आणि पुरते 24 तास थांबा. नंतर फ्रिज सुरू केल्यावर काही दिवस उत्तम चालून पुन्हा तेच झालं, तर डीफ्रॉस्टचा एखादा भाग गेला आहे. गळालेला गॅस प्लग काढून परत येत नाही. पंखाही तपासता येतो: फ्रीजरचं दार उघडून चौकटीतलं स्विच बोटानं दाबून धरा. कॉम्प्रेसर चालू असताना आतून पंख्याची घरघर आली पाहिजे. हे भाग कॉम्प्रेसरच्या मानानं स्वस्त असतात, फक्त नेमका कुठला गेला हे शोधणारा माणूस हवा. शहरात तो मिळतो. तालुक्याच्या गावी पीसीबीसाठी आठवडा थांबायची तयारी ठेवा.

फ्रॉस्ट फ्रीच्या दोन सवयी अंगवळणी पाडून घ्याव्या लागतात. हवेच्या जाळीसमोर पिशव्या कोंबल्या तर खालचा कप्पा गार होत नाही, आणि जाळीला टेकलेली कोथिंबीर गोठून काळी पडते. फिरत्या हवेनं उघडा भात, कणीक सुकते, म्हणून सगळं झाकूनच ठेवायचं.

काही दुखणी दोघांना सारखीच. दाराचं रबर सैल झालं की घाम, पाणी आणि न थांबणारा कॉम्प्रेसर. दारात दहाची नोट अडकवून ओढा. विनासायास निघाली तर आधी रबर साबणाच्या कोमट पाण्यानं पुसा, मग बदलायचा विचार करा. भाजीच्या ट्रेखाली पाणी साचत असेल तर बहुधा मागचं निचऱ्याचं भोक तुंबलंय. दर काही मिनिटांनी ‘टक्’ असा आवाज येऊन कॉम्प्रेसर सुरूच होत नसेल, तर तो गेला असं लगेच मानू नका. रिले किंवा कमी व्होल्टेज यांच्यावर संशय आधी घ्यावा. आणि फ्रिजच्या बाजू गरम लागतात म्हणून घाबरू नका. हल्ली आतली उष्णता बाहेर टाकणाऱ्या कंडेन्सरच्या नळ्या तिथंच लपवतात.

त्या लपवलेल्या नळ्यांमुळेच गॅसची गळती दोन्ही प्रकारांत जड जाते. गॅस पेट्रोलसारखा वापरून संपत नाही. कमी झाला म्हणजे कुठंतरी भोक आहे, आणि ते न शोधता नुसता भरून देणाऱ्याला पैसे देऊ नयेत. भिंतीतल्या फोमच्या आत गळत असेल तर मेकॅनिक मागं बाहेरून कंडेन्सरच्या नळ्यांची नवी जाळी बसवून देतात. जुन्या फ्रिजवर मी तो खर्च करणार नाही. नव्या फ्रिजवर बहुधा ‘आर-600ए’ लिहिलेलं असतं. हा आयसोब्युटेन, म्हणजे पेट घेणारा. तो आत असताना कुणी नळ्या जोडायची आगीची टॉर्च पेटवू लागला तर काम तिथंच थांबवा. दहा वर्षांच्या वॉरंटीवरही भुलू नका: ती बहुतेकदा फक्त कॉम्प्रेसरची असते, गॅस आणि मजुरी आपल्या खिशातून.

विजेचा हिशेब मला फारसा निर्णायक वाटत नाही. पंखा आणि हीटरमुळे सारख्या लिटरचा फ्रॉस्ट फ्री थोडा जास्त खातो. स्टारच्या लेबलवर वर्षाचे युनिट छापलेले असतात, ते वजा करून बघा. वर्षाला 60 युनिटांचा फरक असेल आणि युनिट 10 रुपये धरलं, तर 600 रुपये. महिन्याला पन्नास. त्यापायी प्रकार बदलू नये.

दोघंतिघं माणसं, गावाकडचं घर, रात्री व्होल्टेज पडणारं, मेकॅनिक एकच: सिंगल डोअर घ्या, आणि लेबलवरची व्होल्टेजची मर्यादा आपल्याकडच्यापेक्षा तोकडी असेल तर सोबत स्टॅबिलायझर. चार-पाच माणसं, फ्रीजरमध्ये मटार, मासे, खोवलेला नारळ, आमरसाचे डबे, आणि बटण दाबायची आठवण कुणालाच नाही: फ्रॉस्ट फ्री, पण त्या कंपनीचा माणूस तुमच्या पिनकोडला येतो का, हे पैसे देण्याआधी फोन करून विचारा.

आणि घरातला जुना फ्रिज फ्रॉस्ट फ्री असून फक्त खालून गार होत नसेल, तर दुकानात जायच्या आदल्या दिवशी त्याचा प्लग काढून दारं उघडी ठेवा.