घरचा ग्लुकोमीटर: सहा महिन्यांच्या वापरानंतर

आमचे हे 58 वर्षांचे. उन्हाळ्यात रात्री तीन-चारदा लघवीला उठायला लागले. उशाशी भरून ठेवलेला तांब्या दोनच्या आत रिकामा. मिरजेचा उकाडा, त्यात वय, प्रोस्टेट असेल, असं म्हणत आम्ही दोन महिने घालवले. तळपायांची आगही रात्रीच व्हायची. मी काशाच्या वाटीने तूप चोळून द्यायचे. शेवटी नणंदेने फोनवर विचारलं, "वहिनी, दादाची शुगर बघितली का?" त्याच संध्याकाळी कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून रक्तातली साखर मोजायचं हे मशीन आणलं.

पहिलाच आकडा 261! पण यांनी नुकताच आंबा चोखला होता आणि हात नुसते पंचाला पुसले होते. साबणाने धुऊन, कोरडे करून पुन्हा टोचलं तर 214. बोटाला लागलेला गोडवाही मशीन मोजतं, हे तेव्हा कळलं. टोचताना बोटाच्या कडेला टोचा, मधोमध फार दुखतं.

मशीनवर विसंबून निदान करू नका. आम्ही दुसऱ्या दिवशी उपाशीपोटी लॅबमध्ये गेलो: 168, आणि एचबीए1सी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी तपासणी) 8.4. उपाशीपोटी 126 किंवा जास्त आणि एचबीए1सी 6.5 किंवा जास्त म्हणजे मधुमेह. डॉक्टरांनी रात्रीचं कोडंही उलगडलं. साखर साधारण 180 च्या वर गेली की मूत्रपिंडं ती अडवू शकत नाहीत, ती लघवीत उतरते आणि जाताना पाणी ओढून नेते. म्हणून सारखं उठणं, म्हणून ती तहान. मी मात्र रोज तांब्या भरत राहिले, तो इतक्या लवकर का संपतो हे विचारलं नाही. याचं मला अजून वाईट वाटतं.

मशीनची खरी किंमत कळली ती गोळ्या सुरू झाल्यावर. एका रात्री हे घामाने चिंब होऊन उठले, हात थरथरत होते. आकडा 64, म्हणजे साखर फारच खाली गेली होती. पाण्यात तीन चमचे साखर विरघळवून दिली, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासलं, 96. सकाळी डॉक्टरांना आकडे सांगितले, त्यांनी गोळीचा डोस कमी केला. मशीन नसतं तर मी घाबरून नुसता वारा घालत बसले असते.

तक्रारी दोन. पडद्याला उजेड नाही, रात्री आकडा बघायला दिवा लावावाच लागतो. आणि मशीन स्वस्त, पण रक्ताचा थेंब ज्यावर घ्यायचा त्या पट्ट्या महाग. वर्षाचा हिशेब केला तर पट्ट्यांचाच खर्च मोठा. घेताना डबीवरची मुदत बघा, आणि पट्टी काढली की झाकण लगेच घट्ट लावा. पावसाळ्यात एक डबी उघडी राहिली, ती अख्खी टाकावी लागली.